साठ दिवसांचा गाळ

टॉडमॉर्डनच्या खाली, कॅल्डर जिथं वळते
आणि रेल्वेचा दगडी पूल तिच्यावर तंगड्या टाकून उभा आहे,
तिथं आमची टाकी.
ग्लेनिस ऑर्मरॉड तिला ‘म्हातारी’ म्हणते.

पहिल्या दिवशी हॅलिफॅक्सहून टँकर भरून विरजण आणलं,
तपकिरी, ओल्या मातीच्या वासाचं.
लागलं की नाही ते आठवडाभर कळेना.
मग एका पहाटे फेस बसला.

आत पडदे आहेत. पडदे म्हणजे शेवया,
दोरीवर वाळत घातल्यासारख्या, फक्त पाण्यात,
आणि प्रत्येक शेवई आतून पोकळ.
केसाच्या जाडीचे दोन हजार भाग करा,
त्यातल्या एका भागाएवढं एकेक भोक.
खालून सतत हवा सोडावी लागते, नाहीतर साय धरते,
दाब चढतो, आणि रात्री तीनला माझा फोन वाजतो.

सूक्ष्मजीवांना बाहेर जाता येत नाही. युक्ती एवढीच.
जुन्या प्लँटमधून आठवड्यात वाहून जायचे,
इथं वीस दिवस राहतात, चाळीस, साठ,
आणि जे संथ आहेत, जेवायला बसूनही विचार करत राहतात,
तेही शेवटी अनोळखी ताट पुढं ओढतात.
मला व्हिनेगरात भिजलेले चिप्स आवडायला
सहा वर्षं लागली.

मी अख्ख्या गावाला पाण्यात पाहते.
राग नाही कुणावर, कामच ते.
रविवारची डोकेदुखी सोमवारच्या बाटलीत,
कुणाच्या गुडघ्याचं मलम,
कुणाची मूल नको म्हणून घेतलेली गोळी, कुणाची झोप,
आणि कॉफी, कॉफी, कॉफी.
नावं नसतात. लिटरमागे मायक्रोग्रॅम असतात.
कॉफी म्हातारी चाटूनपुसून खाते, तापाच्या गोळ्याही.
मलमाशी निम्म्यावर तडजोड करते.

कार्बामाझेपिनला मात्र तोंड लावत नाही.
अलीकडे ०.४१, पलीकडे ०.४४.
चूक असेल, परत काढ, ग्लेनिस म्हणाली.
परत काढलं. चूक नव्हती.
शरीर तिला गाठ मारून पाठवतं,
टाकीत गाठ सुटते, आणि ती होती तशी होते.
पडद्याचं भोक म्हणजे तिच्यापुढं गावाची वेस.
पदर न भिजवता निघून जाते नदीकडं.

यशोधन ती सकाळी एक घेतो, रात्री एक.
रॉचडेलच्या बस स्टँडवर
डोकं फरशीवर आपटू नये म्हणून
मी माझं पाऊल त्याच्याखाली सरकवलं होतं,
आणि सांगलीहून फोनवर आत्या ओरडत होत्या, कांदा हुंगव, कांदा.
माझ्या पिशवीत कांदा नव्हता, लीक होता.
त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर नाही.
उपाशी ठेवलेल्या गाळालाही जी चावत नाही,
तीच त्याच्या मेंदूत दार धरून बसली आहे.
अहवालात ‘काढून टाकण्याचं प्रमाण : शून्य टक्के’ असं टाइप केलं
आणि बराच वेळ ते तसंच बघत राहिले.

गुरुवारी कोळशाची भुकटी आली, पंचवीस किलोची दोन पोती.
ग्लेनिसचे आजोबा बर्नलीच्या खाणीत होते.
पोतं फाडताना ती म्हणाली,
आमची आजी हा पाण्यानं धुऊन काढायची,
आता पाणीच ह्यानं धुवायचं.
आम्ही दोघी खोकलो, हसलो, परत खोकलो.

पंधरा दिवसांनी पलीकडे ०.०९.
मी आकडा दोनदा गिरवला.
आनंदच होता तो, फक्त घशात थोडा अडकला.

घरी पोचले तर नखांत काळं राहिलेलं.
हे काय गं, यशोधननं विचारलं.
तुझीच गोळी असेल, मी म्हटलं.
तो हसला, रात्रीची जिभेवर ठेवली,
नळ सोडला,
आणि ग्लास धरण्याआधी
पाणी गार व्हायची वाट बघत उभा राहिला.